उडत्या तबकडीचा नेम : आधी खांदा, मग परवाना, बंदूक शेवटी



१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळविले. तेव्हापासून आमच्या गट कार्यालयात ऊस नोंदीबरोबर बंदुकीचीही चौकशी होऊ लागली आहे. ते साहजिकच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. त्यात हा तर आपल्यासारख्याच खेड्यातला पोरगा. मग आपल्याही पोराला वाटणारच.

परंतु अलीकडे चौकशीचा रोख बदलला आहे. पोरांनी फोनवर उडत्या तबकड्या फोडणारे नेमबाज पाहिले आहेत, आणि त्यांना तेच हवे आहे. मागच्या गळीत हंगामात एक सभासद मुलाला घेऊन आले व म्हणाले, "साहेब, इटलीची बंदूक घ्यायची आहे. उसाच्या बिलावर कर्ज निघेल असं एक पत्र द्या." दुसऱ्याच्या घरी आजोबांच्या वेळची दुनळी बारा बोअर आहे, तर पोराने ओढ्याकाठी सराव केला तर काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे. तिसरी सूचना अशी की, कारखान्याच्या पडीक जमिनीवर यासाठी मैदान करावे. या तिन्ही गोष्टींना माझे स्पष्ट उत्तर 'नाही' असे आहे. पण पोराने हा खेळ खेळूच नये असे मात्र मी म्हणणार नाही. माझे हे मत वैयक्तिक आहे, संचालक मंडळाचे धोरण नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. कुसाळे, सावंत, सरनोबत यांचे लक्ष्य जागेवर स्थिर असते. उडत्या तबकडीच्या खेळात शॉटगन म्हणजे छर्ऱ्याची बंदूक असते. याला 'क्ले पिजन' म्हणजे मातीचे कबूतर म्हणतात, कारण पूर्वी खरोखरची कबुतरे सोडून मारीत. १९०० साली पॅरिसला तर जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती. पुढे कबुतराच्या जागी तबकडी आली. आजची तबकडी मातीचीही नाही. ती डांबरासारखा पदार्थ व चुनखडीची भुकटी यांची असते, रुंदी ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. चहाच्या बशीपेक्षा लहान.

ऑलिंपिकमध्ये याचे दोन प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये जमिनीखालच्या खंदकात १५ यंत्रे बसवलेली असतात. नेमबाज १५ मीटर मागे उभा राहून आवाज देतो, की एक तबकडी समोर सुटते, डावीकडे की उजवीकडे ते त्याला ठाऊक नसते. ती ताशी शंभर किलोमीटरच्या पुढच्या वेगाने लांब पळते, त्यामुळे पहिला बार सेकंदाच्या आत काढावा लागतो. हुकला तर दुसरा बार मिळतो. २५ तबकड्यांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या म्हणजे १२५. जागतिक पातळीवर पुढे जायचे तर त्यांतल्या १२० च्या पुढे फुटाव्या लागतात. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन घरे, एक उंच, एक ठेंगणे, आणि तबकड्या आडव्या जातात. तिथे बंदूक कमरेशी धरून उभे राहायचे, तबकडी दिसल्यावरच खांद्याला लावायची, आणि एका तबकडीला एकच बार.

डबल ट्रॅप म्हणून तिसरा प्रकार होता. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळविले ते याच प्रकारात. तो प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून काढून टाकला. ज्यांनी आयुष्याची दहा वर्षे त्यात घातली त्यांचे काय झाले असेल? पदकाचा हिशेब घालून पोराला खेळात घालणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

हा राजेरजवाड्यांचा व लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ, आपला नव्हे, असे काही जुने सभासद म्हणतात. त्यात तथ्य आहे. बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिकमध्ये खेळले, १९६२ साली कैरोला जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेतले. राठोड लष्करात होते. ज्याच्याकडे मोकळे रान आणि काडतुसे, त्याचा खेळ! पण नेमाची जी खरी गोम आहे ती शेतकऱ्याच्या हाडात आहे. जोंधळ्याच्या माळ्यावर उभे राहून ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला सांगायला नको की उडत्या पाखरावर दगड टाकून उपयोग नाही, ते जिथे जाणार तिथे टाकावा लागतो. तबकडीचे हेच आहे. नळी तबकडीच्या मागून येते, तिला ओलांडते, तेव्हा चाप ओढायचा आणि ओढल्यावरही नळी थांबवायची नाही. नवशिके इथेच हुकतात. बार काढला की हात थांबतो आणि छर्रे मागे पडतात.

मुलींच्या बाबतीतही मागे राहू नये. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती आणि ती चीनच्या झांग शान या बाईंनी सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली. २०२४ च्या पॅरिसला राजस्थानची महेश्वरी चौहान व अनंतजीतसिंह नरुका ही जोडी मिश्र स्कीटमध्ये अवघ्या एका गुणाने, ४३ विरुद्ध ४४, ब्राँझपदकाला मुकली.

आता सुरुवात कशी करावी ते. पहिली तपासणी फुकट आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसे भोक ठेवावे आणि त्यातून लांबचे झाड पाहावे. मग एकेक डोळा मिटून बघावा. ज्या डोळ्याला झाड दिसते तो मुख्य डोळा. पोरगा उजव्या हाताचा आणि मुख्य डोळा डावा, असे बऱ्याचदा निघते, आणि हे कोणी तपासलेच नाही तर बिचारा वर्षभर हुकत राहतो. छर्ऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी. म्हणून दस्ता दर वेळी खांद्यात आणि गालाशी त्याच एका जागी बसला पाहिजे. गाल एक बोट वर उचलला की छर्रे कुठल्या कुठे जातात. ही सवय शेकडो वेळा नुसती, बार न काढता, करावी लागते. त्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास वजनाचे लाकडी दांडकेही चालते. भिंत आणि छत जिथे मिळते ती रेघ नळीने गिरवायची, रोज पंधरा मिनिटे. ज्या पोराला याचा महिन्याभरात कंटाळा येईल त्याने तिथेच थांबावे. बापाचे पैसे वाचतील.

दुसरी पायरी, कोल्हापूर-पुण्याकडे १० मीटर एअर रायफल शिकवणारी केंद्रे आहेत, तिथे सहा महिने घालावेत. खरे तर एअर रायफलचा नेम स्थिर असतो, तिथे नळी फिरवायला शिकवीत नाहीत. तरीही मी आग्रह धरतो, कारण बंदूक हाती कशी धरावी, नळी कुणाकडे रोखू नये, हुकूम झाल्याशिवाय भरू नये हे तिथे अंगवळणी पडते, आणि ठराविक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तिसरी पायरी शॉटगनच्या मैदानावर जाऊन प्रशिक्षकाच्या हाताखाली, तिथल्याच बंदुकीने, पन्नास-शंभर तबकड्या मारून पाहणे. दिल्लीचे करणीसिंह मैदान १९८२ च्या एशियाडसाठी बांधले गेले. भोपाळला मध्य प्रदेश सरकारची अकादमी आहे, पतियाळा व जयपूरकडेही सोय आहे. प्रवास लांबचा खरा, पण बंदूक घेऊन मग नावड कळण्यापेक्षा रेल्वेचे तिकीट स्वस्त पडते. तिथे डोळ्याला चष्मा आणि कानाला संरक्षण पहिल्या बारापासून लावावे. बारा बोअरच्या आवाजाने कान गेला की तो परत येत नाही. आणि लहान चणीच्या पोराला बारा बोअर घाईने देऊ नये. दोन-चार धक्के बसले की चाप ओढण्याआधीच पोर दचकायला लागते, आणि ते दचकणे मोडता मोडत नाही.

परवान्याचे सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा. परवान्याला वयाची अट २१ वर्षे. त्याखालच्या खेळाडूंना नियमांनुसार, मोठ्यांच्या देखरेखीखाली व संघटनेमार्फत सराव करता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस चौकशीसह. जिल्हा व राज्य रायफल संघटनेचे सभासदत्व आधी असावे, कारण तुम्ही खरेच खेळता हे कागदावर दिसावे लागते. या सर्वांवर राष्ट्रीय रायफल संघटना आहे. ती १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले मराठी गृहस्थ, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी म्हणून नेमबाजांना ठाऊक आहे.

पीक राखणीसाठी मिळालेली ठासणीची बंदूक पिकासाठीच आहे. आजोबांच्या नावच्या दुनळीवर नातवाने ओढ्याकाठी सराव करणे हा गुन्हा होतो, बाटल्या उडवल्या तरी होतो. ससा, तितर मारण्याचे दिवस तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपले. जाता जाता, वरातीत हौसेने बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. यंदाच्या लग्नसराईत लक्षात असू द्या.

राहिला पैसा. सभासद बंदुकीची किंमत विचारतात. बेरेटा, पेराझी या इटलीच्या बंदुका महाग आहेतच, पण बंदूक एकदा घ्यायची. खरा खर्च काडतुसांचा. आठवड्याला दोन दिवस, दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर २०० तबकड्या. नवशिक्याचे दुसरे बार धरून २५० काडतुसे. वर्षाचे ४० आठवडे धरले तरी १०,००० काडतुसे! प्रत्येक काडतूस एकदाच वाजते, शिवाय तबकड्यांचा आकार वेगळा. ट्रॅक्टर घेतला आणि डिझेलला पैसे उरले नाहीत, असे झालेले सभासद आपण पाहिले आहेत. म्हणून उसाच्या बिलावर बंदुकीचे कर्ज काढण्यास माझी शिफारस मिळणार नाही. सोसायटीचे कर्ज, खोडव्याचे खत, ठिबकचा हप्ता हे सगळे त्याच बिलातून जाते.

मैदानाचे उत्तर मात्र मी शेतकी खात्याचा माणूस म्हणून देतो. स्पर्धेच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, ते शिशाचे. वरच्या हिशेबाने एकटा पोरगा वर्षाला २४० किलो शिसे जमिनीवर टाकतो. युरियाची ४५ किलोची पाच पोती होतात आणि वर थोडे उरते. असे दहा पोरगे आणि दहा वर्षे धरा! आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत शिसे हळू विरघळते, पश्चिमेकडच्या तांबड्या आम्ल जमिनीत लवकर, पण ते कुठेही नाहीसे होत नाही. पाखरे खडे समजून छर्रे गिळतात आणि मरतात. परदेशात छर्रे मिसळलेल्या वैरणीचा मुरघास खाऊन जनावरांना विषबाधा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. आपल्याकडे उसाचे वाढे जनावरांपुढे जाते, हे विसरून चालणार नाही. छर्रे दोनशे मीटरच्या पुढेही पडतात. समोर तीनशे मीटरपर्यंत माणूस-जनावर फिरकू नये अशी जागा ठेवायची तर एका मैदानापुढे सतरा एकरांच्या आसपास जमीन अडते, आणि ती जमीन पुढे बेणे प्लॉटलाही उपयोगाची राहत नाही. ज्या सरकारी मैदानांवर हे शिसे आधीच पडते आहे, तिथेच आपल्या पोरांनी जावे हे बरे.

मग कारखान्याने काहीच करू नये काय? करावे. आपण पदक मिळाल्यावर शाल, श्रीफळ, मोठा फलक आणि जेवण करतो. तोवर त्या पोराच्या घरच्यांनी एकट्याने सगळे ओढलेले असते. माझी सूचना अशी की, सत्काराच्या खर्चातून दरवर्षी दोनच मुलांना, एक मुलगा व एक मुलगी, एका वर्षाची काडतुसे, तबकड्या आणि प्रवासभाडे द्यावे. रोख रक्कम नको, बिले थेट मैदानाला द्यावीत. अट एवढीच की एअर रायफलचे सहा महिने पूर्ण झालेले असावेत, प्रशिक्षकाचे पत्र असावे आणि फेऱ्यांचे गुण दर महिन्याला कळवावेत. पहिल्या तीन महिन्यांत २५ पैकी सरासरी १५ फुटल्या नाहीत तर मदत थांबवून दुसऱ्याला द्यावी. हे कठोर वाटेल, पण पैसा सर्व सभासदांचा आहे. आणि मदत सभासदाच्या मुलालाच, संचालकाच्या शिफारशीवर नव्हे. हे छापले जाईल की नाही ते संपादक ठरवतील.

ही सूचना मी लेखी स्वरूपात व्यवस्थापनाकडे दिली आहे. ज्यांना ती पटते किंवा पटत नाही त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी आपल्या गट कार्यालयात लेखी कळवावे. ज्यांच्या मुला-मुलींना खरोखर सुरुवात करायची आहे त्यांनी बाजारच्या दिवशी दुपारी तीननंतर त्यांना घेऊन यावे. डोळ्याची तपासणी तिथेच पाच मिनिटांत होईल. घरातली बंदूक मात्र कृपा करून बरोबर आणू नये.