झीज गाडीची, भुर्दंड ड्रायव्हरला



गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारी बुद्धविहारात वंदना आटोपल्यावर आमच्या वस्तीतील एक वहिनी आमच्यापाशी येऊन बसल्या. त्यांचे यजमान एका बंगल्यावर ड्रायव्हर आहेत. पाच वर्षे एकच गाडी चालवतात. सुट्टी क्वचित, तक्रार एकही नाही. पण गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने दोन दोष दाखवले. स्टिअरिंगवर चढवलेले मखमलीसारखे कापड दोन ठिकाणी काळपट, चकचकीत झाले होते आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड भेगाळून सोलली होती. मालक म्हणाले, “तुमच्या निष्काळजीपणामुळे गाडीची किंमत पडली. पगारातून थोडे थोडे कापू.” वहिनींनी एवढेच विचारले, “भाऊ, हे खरोखरच यांच्या हातून झाले का हो?”

प्रश्न साधा होता, पण त्यावर एका घराचा पगार टांगलेला होता. आपल्या समाजातील कितीतरी बांधव दुसऱ्याच्या गाडीचे स्टिअरिंग धरून संसार चालवतात. म्हणून म्हटले, या वेळी सदरात याच विषयाची चिकित्सा करू. गाडीच्या आतले कातडे टिकाऊ की नवे कृत्रिम स्वेड टिकाऊ, आणि ते झिजले तर दोष कोणाचा?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. खरे स्वेड म्हणजे कातड्याचीच आतली, मांसाकडची बाजू घासून मऊ लव आणलेली. कृत्रिम स्वेडचा जनावराशी काही संबंध नाही. जपानमधील तोरे या कंपनीचे संशोधक मियोशी ओकामोटो यांनी १९७० साली ते तयार केले. पुढे १९७२ साली त्याच तंत्रावर इटलीत अल्कांतारा ही कंपनी उभी राहिली. महागड्या गाड्यांत ‘अल्कांतारा’ म्हणून जे सांगतात ते हेच. याचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. एका प्लास्टिकच्या पोटात दुसऱ्या प्लास्टिकचे अनेक तंतू ठेवून धागा काढतात, मग बाहेरचे प्लास्टिक विरघळवून टाकतात. आत उरतात ते पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म तंतू. ते सुयांनी एकमेकांत गुंतवून नमदा करतात, त्यात पॉलियुरेथेन नावाचे द्रव्य मुरवतात आणि वरून घासून लव उठवतात. थोडक्यात, सुमारे दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग पॉलियुरेथेन.

आता कातड्याकडे वळू. गाडीच्या सीटचे कातडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. परंतु एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. बहुतेक गाड्यांत त्या कातड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पुन्हा पॉलियुरेथेनचाच पारदर्शक थर दिलेला असतो. म्हणजे आपण बोटाने जे चाचपतो ते कातडे नसून त्याच्यावरचा लेप असतो. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. ‘लेदर सीट’ म्हणून विकलेल्या अनेक गाड्यांत बसायचा मधला भागच तेवढा कातड्याचा असतो. बाजू, पाठ आणि कडा रेक्झिनच्या, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेल्या मालाच्या असतात. रंग एक, शिलाई एक, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही.

मग टिकाऊ कोण? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण दोघांचे शत्रू वेगवेगळे आहेत.

कृत्रिम स्वेडला भेगा पडत नाहीत. त्याचा तंतूच रंगलेला असल्याने थोडे घासले तरी आतला पांढरा भाग उघडा पडत नाही. उन्हात ते कातड्यासारखे चटका देत नाही. गाडीच्या छताला, दाराच्या वरच्या भागाला, सीटच्या मध्यभागी ते वर्षानुवर्षे चांगले राहते. त्याचा शत्रू आहे तेलकटपणा. तळहाताचा घाम, त्यातले मीठ, अंगाचे तेल, हाताला लावलेले क्रीम हे सारे लवेत मुरते. तंतू एकमेकांना चिकटतात, आडवे पडतात आणि तो भाग चकाकू लागतो. डोके टेकायच्या जागी खोबरेल तेलाचे डाग पडतात तेही असेच. लव एकदा मुळापासून झिजून गेली की ती पुन्हा उगवत नाही. तेवढा भाग नव्याने मढवावा लागतो.

कातड्याचे उलट आहे. वर लेप असल्याने तेलाचा हात फडक्याने पुसता येतो. परंतु ऊन, कोरडेपणा आणि सतत दुमडणे त्याला सोसत नाही. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तापमान सहज पन्नास अंशांच्या वर जाते. अशा उष्णतेत लेप कडक होतो, आणि कडक झालेला लेप वाकवला की तडकतो. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात दुसरा त्रास होतो, तो म्हणजे बुरशीचा. मात्र कातड्याचा एक गुण मान्य करावा लागेल. रंग उडाला, बारीक भेग पडली तर जाणता कारागीर ती भरून रंग पुन्हा चढवू शकतो.

स्वस्त मालाचा प्रकार आणखी निराळा. पॉलियुरेथेनचा हलका थर दमट हवेत आणि उष्णतेत आपोआप विघटित होतो आणि पापुद्र्यांनी सोलतो. कोणी बसो वा न बसो, तो सोलतोच. साध्या रेक्झिनला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जाते, मग ते ताठरते आणि फुटते. यात नखाचाही दोष नाही आणि माणसाचाही नाही.

कारखान्यात अशा मालाची चाचणी घेतात. मार्टिंडेल नावाच्या यंत्रावर वजनाखाली लोकरी कापडाने माल घासतात आणि किती फेऱ्यांनंतर तो झिजतो ते मोजतात. तो आकडा दाखवून विक्रेता म्हणतो, हा माल पक्का. परंतु कोरडे घासणे म्हणजे मुंबईच्या मे महिन्यातला घामेजलेला हात नव्हे. उन्हाची आणि घामाची चाचणी वेगळी घ्यावी लागते. तथागतांनी कालामांना उपदेश केला होता की, कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. तोच नियम दुकानातही लागू आहे आणि मालकाच्या आरोपालाही.

त्याच आठवड्यात आम्ही ती गाडी जाऊन पाहिली. स्टिअरिंगवर काळे डाग होते ते बरोबर हात ठेवायच्या दोन जागी. आम्ही पांढरे सुती फडके कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळले आणि हलक्या हाताने पुसले. फडके पिवळट काळे झाले. तीन वेळा फडके बदलून पुसले, सावलीत वाळू दिले, मग मऊ ब्रश फिरवला. बरीचशी लव उभी राहिली. म्हणजे तो मळ होता, नासधूस नव्हती. उजवीकडे नाण्याएवढी जागा मात्र टक्कल पडल्यासारखी राहिली. ती खरी झीज. पण पाच वर्षे रोज हात ठेवल्यावर ती झिजणार नाही तर काय?

नंतर सीटची कड पाहिली. सोललेल्या जागी खालून विणलेले कापड दिसत होते. कातडे असते तर तेथे बारीक तंतूंचा केसाळ थर दिसला असता. म्हणजे ज्या लेदरची भरपाई मागत होते ते त्या जागी लेदर नव्हतेच! आता हिशेब करा. ड्रायव्हर दिवसातून वीस वेळा चढतो-उतरतो असे धरा. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे. महिन्याला ५२० वेळा, वर्षाला ६,२४० वेळा आणि पाच वर्षांत ३१,२०० वेळा त्या एकाच कडेवर अंगाचा भार घासून गेला. मागच्या सीटवर बसणाऱ्याची कड शाबूत राहते यात त्याची काळजी कसली? तो बसतोच कितीदा?

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच असे तत्त्व होते की, नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. बंगल्यावरच्या खाजगी नोकरीला हा कायदा सहजासहजी लागू करून घेता येत नाही, हेही खरे. पण न्याय तोच आहे. वापराने होणारी झीज वेगळी आणि हयगय वेगळी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांच्या हक्कांसाठी जे केले, ते आठवले की कामगाराने मान खाली घालून कपात सोसू नये असे वाटते. मान वर करायला मात्र माहिती लागते.

येथे आणखी एक विचार मनात येतो. मेलेल्या जनावराला हात लावणारा माणूस विटाळाचा ठरवला गेला, आणि त्याच जनावराच्या कातड्यावर बसणारा प्रतिष्ठेचा! मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा असे बाबासाहेबांनी आपल्या समाजाला सांगितले, ते कामाचा तिटकारा म्हणून नव्हे, तर ते काम जन्माने लादले गेले होते म्हणून. आज कोणी आपल्या इच्छेने कातड्याचा कारागीर झाला तर त्याच्या हुनराचा आम्हाला अभिमानच आहे.

कातडे वापरावे की नाही, असेही काही वाचक विचारतील. विनयपिटकाच्या महावग्गात कातड्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. अवंती देशातील जमीन कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवलेली, म्हणून तेथील भिक्खूंना जाड तळाच्या वहाणा वापरण्याची आणि त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे मेंढी-बकऱ्याच्या कातड्याचे अंथरूण वापरण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. त्याच प्रकरणात एका भिक्खूने वासराच्या सुंदर कातड्याचा मोह धरून एका उपासकाकडून ते वासरू मारवले, तेव्हा भगवंतांनी त्याचा कडक निषेध केला. देश आणि गरज पाहून वस्तू वापरावी, मोहापायी नव्हे, एवढा बोध आम्ही त्यातून घेतो.

आता ड्रायव्हर बांधवांसाठी कामाच्या चार गोष्टी सांगतो.

नवी नोकरी धरताना पहिल्याच दिवशी मालकासमोर गाडीची आतून पाहणी करा. सीटच्या कडा, स्टिअरिंग आणि गिअरची मूठ यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा.

स्वेडचे स्टिअरिंग आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसा आणि सुकल्यावर ब्रश करा. पाणी ओतू नका, पॉलिश लावू नका. हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम लावले असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय स्टिअरिंग धरू नका.

कातड्याची सीट सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. खोबरेल तेल चोळू नका. लेपामुळे ते आत जात नाही, वर चिकटून धूळ धरते. गाडी सावलीत उभी करा, आणि पावसाळ्यात अधूनमधून दारे उघडून हवा खेळू द्या.

ज्यांनी कर्ज काढून स्वतःची टॅक्सी घेतली आहे, त्यांनी कातड्याच्याही नादी लागू नये आणि स्वेडच्याही. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या साध्या रेक्झिनच्या सीटवर कितीतरी घरांतली मुले शिकली. काढून धुता येईल असे जाड कापडी कव्हर किंवा चांगल्या जाडीचे रेक्झिन हेच भाड्याच्या गाडीला परवडते. मात्र सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर ती झाकणारे घट्ट कव्हर मुळीच घालू नका. अपघातात ती उघडली नाही तर जिवाशी गाठ.

त्या वहिनींच्या घरचे पुढे काय झाले, हे विचाराल. स्टिअरिंग स्वच्छ झालेले पाहिल्यावर मालकांनी त्याचे पैसे सोडले. सीटबद्दल बोलणे अजून चालू आहे. आमचे बंधू मात्र आता खाली पाहून बोलत नाहीत. सोललेल्या कडेखालचे कापड दाखवून बोलतात.

जयभीम! नमो बुद्धाय!