लॅन्सलॉटचा डोळा

लॅन्सलॉट हे ब्रियार्ड जातीचं जन्मांध पिल्लू. त्याच्या डोळ्यात आरपीई६५ जनुकाची निर्दोष प्रत सोडली आणि ते अडथळे चुकवत चालू लागलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच उपचाराच्या चाचणीत माणसं अंधूक उजेडात जमिनीवरच्या बाणांमागून चालली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सोळा वर्षं! अशा कामाची सुरुवात मात्र अनुदानाच्या पहिल्या छोट्या अर्जापाशीच अडते. आधी पुरावा आणा, मग पैसे. पण पैशांवाचून पुरावा येणार कुठून? याच पेचासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं (एनआयएच) आर-२१ अनुदान काढलं. दोन वर्षांत कमाल २,७५,००० डॉलर थेट खर्चाला, प्राथमिक निष्कर्षांची सक्ती नाही. तरीही परीक्षक ते निष्कर्ष शोधतातच, आणि हे थांबलंच पाहिजे.