माळ्यावरचा डबा आणि त्याच्या मागचं बटण

ईदच्या आधी घराची साफसफाई काढली, तेव्हा माळ्यावरून एक धुळकट करडा डबा खाली आला. नववीतल्या आमच्या लेकाने तो पुसला, उलटसुलट केला आणि मागच्या बाजूचं एक छोटं सरकतं बटण दाखवून विचारलं, "अब्बा, हे कंपनीचं वाटत नाही. कशाचं आहे?"

कंपनीचं नव्हतंच ते. 2001 साली माझ्या धाकट्या भावाने बसवलेलं. घोडबंदर गावातलं आमचं जुनं घर, मी बीएडचा अभ्यास करायचो ते टेबल आणि शेजारच्या चाचांकडून मागून आणलेली कैय्या, म्हणजे सोल्डरिंगची सळई.

मामू सौदीहून येताना हे गेमचं यंत्र घेऊन आले होते. ओरिजनल सीडी घ्यायची आमची ऐपत नव्हती. मग एका कारागिराकडून आत चिप बसवून घेतली आणि फूटपाथवरच्या नक्कल सीडी चालू लागल्या. हे मी लपवत नाही. पुढच्या खेपेला मामूंनी एक ओरिजनल गेम आणला. गल्लीतली सगळी पोरं जमली. सीडी घातली, पडद्यावर एक सूचना आली आणि गेम थांबला. चोरीच्या सीडी चालत होत्या आणि पैसे मोजून आणलेली एकुलती एक सीडी चालत नव्हती!

कारण ऐकण्यासारखं आहे. ओरिजनल सीडीच्या आतल्या कडेला, जिथून वाचन सुरू होतं तिथे, रेषेला मुद्दाम बारीक हेलकावा दिलेला असे. त्यात चार अक्षरांची खूण दडलेली असे. जपान, अमेरिका, युरोप, प्रत्येक विभागाची वेगळी. साध्या सीडी रायटरला हा हेलकावा उतरवता येत नाही, म्हणून नक्कल सीडीवर खूण नसते आणि यंत्र अडतं. आठ पायांची ती चिप हीच खूण स्वतः तयार करून यंत्राला ऐकवते. पण जुन्या चिपांना एकदा सांगून गप्प बसणं ठाऊक नव्हतं. त्या खूण ऐकवतच राहत. 1999 च्या सुमारास काही गेमवाल्यांनी हे हेरलं. खूण यायला नको त्या वेळी ती आली, म्हणजे आत चिप आहे. गेम बंद. घातलेली सीडी खरी आहे की खोटी, हा प्रश्न तिथे उरतच नसे.

भावाने चिपला वीज देणारी तार कापली आणि मध्ये जुन्या रेडिओतलं बटण जोडलं. बटण बंद केलं की चिप मेली आणि यंत्र पहिल्यासारखं झालं. मामूंची सीडी चालली. आता तेही सांगतो जे भावाने नंतर शोधलं: बटण चालू ठेवून नक्कल सीडी सुरू करायची आणि तपासणी येण्याआधी बटण बंद करायचं. म्हणजे बटण तेच. एकदा हक्काच्या वस्तूसाठी, एकदा दुसऱ्याचा हक्क बुडवण्यासाठी.

माझं म्हणणं इतकंच आहे की अशा गोष्टीत आधी नीयत पाहावी. आपला कायदाही तेच पाहतो. कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65 अ आलं. हक्क बुडवण्याच्या उद्देशाने असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'उद्देशाने' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियात सोनीने प्लेस्टेशनला अशा चिप बसवणाऱ्या स्टीव्हन्स नावाच्या माणसावर दावा लावला होता. 2005 साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल त्याच्या बाजूने दिला. पुढच्याच वर्षी तिथला कायदा कडक झाला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या लोकांची एक सबब मी लहानपणापासून ऐकतोय: "मोठ्या कंपनीचं घेतलं तर काय बिघडतं?" बिघडतं. 1988 च्या डिसेंबरात कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखनाचे आणि शोधाचे हक्क शरीअतने संरक्षित मानले आहेत. हातगाडीवरचं केळं न विचारता उचलणं जर आपल्याला चालत नाही, तर कुणाच्या मेहनतीचा गेम उचलणंही चालू नये. मीही ते केलं आहे, म्हणून सांगतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचं झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाला चोर समजणं हा अन्याय आहे. आज मोबाइल, प्रिंटर, ट्रॅक्टर, सगळ्यांत अशी कुलपं आहेत. 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वेबपोर्टल काढलं, ते याच तक्रारींमुळे. मीरा रोडपासून भिवंडीपर्यंत आपली कितीतरी पोरं दुरुस्तीच्या दुकानांत बसतात. हा प्रश्न त्यांच्या रोजीरोटीचा आहे.

मी भाषा शिकवतो, विज्ञान नाही. तरी नववीच्या पुस्तकातला 'धाराविद्युत' हा धडा मला माहीत आहे. त्यातली एकसर जोडणी माझ्या भावाने पुस्तकाबाहेर, एका बटणात करून दाखवली होती. आम्ही त्याला काय म्हणालो? अब्बा म्हणाले, "टाइमपास." मोहल्ला म्हणाला, "वा, काय डोकं आहे, फुकटात गेम!" कुणी त्याला आयटीआयचा फॉर्म आणून दिला नाही, आणि फुकटात खेळणं चूक आहे हेही कुणी सांगितलं नाही. मी मोठा भाऊ, शिक्षक होऊ घातलेला, मीसुद्धा नाही. नंतर तो एका दुकानात सेल्समन झाला. त्याने पुन्हा कैय्या हातात घेतलेली मी पाहिली नाही.

लेकाला मी हे सगळं सांगितलं. मग प्लग काढलेला आहे ना ते पाहिलं, कारण आत थेट घरची वीज खेळते. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि भावाला फोन लावला. म्हटलं, "रविवारी ये. तुझा पुतण्या विचारतोय, तार कुठली कापली होतीस."