लस घेतली, तरीही?

मुलांनो, धनुर्वाताची लस टोचताना वर्गात कोण रडलं, ते मी सांगणार नाही! लशीमुळे शरीर त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार करतं. पण उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा २००६ साली निराळंच समोर आलं. ज्यांच्या शरीरात पीसीबी जास्त, त्यांच्यात लशीनंतरही प्रतिपिंडं कमी!

पीसीबी म्हणजे पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं रसायन. बेटांवर ते कुणी बनवत नव्हतं. दूरदेशीचं हे विष समुद्रात उतरलं, छोट्या जिवांतून मोठ्यांत गेलं, आणि व्हेलच्या चरबीत साठून बसलं. बेटावरच्या आया पिढ्यान्‌पिढ्या व्हेल खात आलेल्या. बाळांना ते पोटात असतानाच मिळालं, नंतर दुधातूनही. (म्हणून आईचं दूध वाईट, असं मुळीच नाही हं!) अखेर २००८ साली तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, व्हेल खाऊ नका.