बाबा म्हणाले की...



मागच्या अंकातला 'अ', 'अॅन' आणि 'द'चा घोळ अजून डोक्यात असेल, तर तो जरा बाजूला ठेवा. आज आपण एक चिठ्ठी वाचू या.

आमच्या वर्गात एक नियम आहे. शाळेला यायचं नसेल तर चिठ्ठी इंग्रजीत लिहायची. चुकली तरी चालेल, पण इंग्रजीत. पावसाळ्यातली गोष्ट. सहावीतल्या एका मुलाची चिठ्ठी त्याची पहिलीतली बहीण घेऊन आली. वहीचं पान, चार घड्या घातलेलं. आत लिहिलं होतं, 'माय फादर सेड दॅट आय हॅव फीव्हर. सो आय विल नॉट कम टू स्कूल.'

मी वाचलं, 'अरेरे, पोराला ताप आला वाटतं' असं म्हटलं आणि हजेरी पुरी केली. दुपारी आमच्या एका सरांनी सहज सांगितलं की, तो मुलगा त्यांना एस.टी. स्टँडवर दिसला. चांगला धावत गाडी पकडत होता. झालं! दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. "काय रे, ताप आला होता ना? तापात कुणी एस.टी.मागे धावतं का? खोटं लिहिलेलं मला चालत नाही, माहीत आहे ना?" तो खाली मान घालून उभा. एक शब्द बोलला नाही.

मधल्या सुट्टीत त्याची बहीण माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, ताप दादाला नाही, बाबांना आलाय. दादा औषध आणायला गेला होता."

मी ती चिठ्ठी पुन्हा काढली. आता मात्र मला तिच्यातलं मराठी ऐकू यायला लागलं. 'बाबा म्हणाले की मला ताप आलाय.' तुम्हीच सांगा, या वाक्यात ताप कुणाला आलाय? बाबांना! आपल्याला यात काही अडचण वाटत नाही. मराठीत 'की' म्हटलं की पुढे आपण दुसऱ्याचे शब्द बहुतेक वेळा जसेच्या तसे ठेवतो. बाबा 'मला' म्हणाले, आपणही 'मला'च म्हणतो.

इंग्रजीत हे चालत नाही. तिथे 'दॅट' आला की पुढचं सगळं, सांगणाऱ्याच्या बाजूने बोलायचं. चिठ्ठी लिहिणारा मुलगा, म्हणून 'आय' म्हणजे तो मुलगाच. बाबांना ताप असेल तर लिहायचं, 'माय फादर सेड दॅट ही हॅड अ फीव्हर.' बाबांचे शब्द जसेच्या तसे हवेत ना? मग 'दॅट' काढा आणि अवतरणचिन्हं घाला: माय फादर सेड, "आय हॅव अ फीव्हर." दोन्ही बरोबर. दोन्हींची खिचडी मात्र करायची नाही.

आता तुम्ही विचाराल, "बाई, 'हॅव'चं 'हॅड' कसं झालं?" 'सेड' भूतकाळात गेला ना, तो मागच्या क्रियापदालाही ओढून नेतो. 'विल'चं 'वुड' होतं, 'कॅन'चं 'कुड' होतं. बाबांचा ताप अजून उतरला नसेल तर 'हॅज' लिहिलं तरी चूक नाही. आणि जी गोष्ट नेहमीच खरी, ती जागची हलत नाही. 'अवर टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ज अराउंड द सन.' बाई काल बोलल्या म्हणून पृथ्वी आज फिरायची थांबते थोडीच!

हा 'दॅट' करतो तरी काय? 'आय नो रमेश' या वाक्यात 'नो'च्या पुढे एक नाव आहे. त्या नावाच्या जागी अख्खं वाक्य ठेवायचं असेल तर? 'रमेश सिंग्ज वेल' हे वाक्य एका गाठोड्यात बांधायचं आणि गाठ म्हणून 'दॅट' मारायचा: 'आय नो दॅट रमेश सिंग्ज वेल.' थिंक, नो, बिलीव्ह, होप, फील, से, या सगळ्यांच्या पुढे असं गाठोडं ठेवता येतं. मराठीत आपल्याकडे दोन गाठी आहेत. 'मला वाटतं की पाऊस येईल' यात गाठ पुढे, आणि 'पाऊस येईल असं मला वाटतं' यात गाठ मागे. इंग्रजीत आधी क्रियापद, मग गाठ, मग गाठोडं. 'इट विल रेन दॅट आय थिंक' असं लिहिलंत तर मी लाल पेन काढणारच.

गंमत म्हणजे ही गाठ ढिली आहे! 'आय थिंक इट विल रेन' असं 'दॅट' गाळून खुशाल म्हणा. बोलताना थिंक, नो, होप, से यांच्यानंतर इंग्रज लोक तो बरेचदा गाळतातच. न गाळला तरी तो हळूच, खाल्ल्यासारखा म्हणतात. 'दॅट ट्री' म्हणजे 'ते झाड', त्यातला 'दॅट' मात्र ठासून. म्हणून 'आय थिंक दॅट दॅट बॉय इज हंग्री' हे वाक्य पाहून छापखान्याची चूक समजू नका. पहिला 'दॅट' गाठीचा, दुसरा बोट दाखवणारा. मोठ्याने म्हणून बघा, पहिला दट् आणि दुसरा दॅट!

आणखी एक. मराठीत 'की'नंतर आपण स्वल्पविराम देतो, 'तो म्हणाला की, ...' असा. इंग्रजीत 'दॅट'नंतर तो नसतो. वह्या तपासताना हा एवढासा स्वल्पविराम मला सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागतो.

'टेल'चा हट्ट वेगळा. त्याला आधी माणूस लागतो. 'ही टोल्ड दॅट' नाही, 'ही टोल्ड मी दॅट'. 'से'ला माणूस नको: 'ही सेड दॅट'. आणि 'विचारलं की'चं 'आस्क्ड दॅट' करू नका. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास' याचं इंग्रजी 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग'. 'व्हेअर' असताना 'दॅट'ला जागाच नाही.

सगळ्यात लबाड आपलं 'वाटतं'. 'तो येईल असं मला वाटतं' म्हणजे 'आय थिंक दॅट ही विल कम'. पण 'त्याने यावं असं मला वाटतं' म्हणजे तुमची इच्छा! तिथे 'थिंक' नाही आणि 'दॅट'ही नाही. 'आय वॉन्ट हिम टू कम.' आणि 'तो पडेल अशी भीती वाटते' असेल तर 'आय अॅम अफ्रेड दॅट ही विल फॉल'. एक 'वाटतं', तीन इंग्रजी वाक्यं. इंग्रजी अवघड की मराठी, तुम्हीच ठरवा.

पालकहो, महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्यापैकी अनेकांनी पाचवीत ए, बी, सी, डी गिरवली असेल. मुलाने 'ही सेड दॅट आय...' असं लिहिलं तर लगेच रागावू नका. आधी विचारा, "यातला 'आय' कोण?" मी विचारलं नाही.

त्या दिवशी सुट्टी संपल्यावर मी वर्गात सांगितलं की चूक माझी झाली. मग त्या मुलाच्या हातात खडू दिला. त्याने फळ्यावर आपलं वाक्य लिहिलं, 'आय हॅव' पुसलं, 'ही हॅड' लिहिलं आणि मधला 'अ' विसरला. तोही मग त्याच्या बहिणीने नव्हे, शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने ओरडून सांगितला. हल्ली चिठ्ठी आली की मी आणणाऱ्याला आधी विचारते, "कुणाला बरं नाही?"

आता तुमची पाळी. ही तीन वाक्यं इंग्रजीत करा. उत्तरं पुढच्या अंकात.

आई म्हणाली की मी दमले.

ताईने मला सांगितलं की तुला मी पेन देईन.

आजीने लवकर बरं व्हावं असं मला वाटतं.