शिसें: उपयोग कोठें, मज्जाव कोठें?

आपल्या शिसपेन्सिलींत शिशाचा कणही नसतो; असतें तें ग्राफाइट. उलट जेथें शिशाची कल्पनाही कोणास येत नाहीं, अशा कित्येक ठिकाणीं तें खुशाल ठाण मांडून असतें.

त्याचे गुण कोणीं नाकारूं नयेत. पाण्याच्या ११.३ पट जड, नखानें ओरखडा उमटावा इतकें मऊ, आणि ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळणारें! घडविण्यास असें सोपें, म्हणून रोमन लोकांनीं त्याचे नळ केले. त्यांचाच स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें शिसें ओतणाऱ्या कारागिरांचे फिकट चेहरे पाहून, पिण्याचें पाणी मातीच्या नळांतून आणावें असें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत लिहून ठेविलें. तरी शिशाचे नळ चालूच राहिले. द्राक्षरसही ते लोक शिशाच्या भांड्यांत आटवीत. आंबट रसांत शिसें विरघळून जो क्षार होतो तो चवीला गोड, पण विषारी.

ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराशींही निगडित आहे. पितळी पातेल्यास कल्हई करावयाची ती कथलाची. परंतु कथील महाग, शिसें स्वस्त. शिवाय शिसें मिसळलेलें कथील कमी आंचेवर वितळतें, म्हणजे मोह दुहेरी. अशा कल्हईवर चिंचेची आमटी उकळली कीं शिसें थेट पोटांत. लहान मुलांचें शरीर तें प्रौढांच्या चार-पांच पट शोषून घेतें. तें हाडांत वर्षानुवर्षें सांचतें आणि मेंदूच्या वाढीस अपाय करितें. निर्धोक म्हणावें असें त्याचें प्रमाण आजवर आढळलेलें नाहीं.

पेट्रोलांतील शिसें भारतांत २००० सालीं बंद झालें. घरगुती रंगांत दहा लक्ष भागांस ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीं रंगविलेलीं दारें घासतांना मुलांना दूर ठेवावें. पण कल्हईवाल्याच्या भात्याशीं कोणता निरीक्षक जाऊन बसणार?

शिसें समूळ नको, असें म्हणणें आततायीपणाचें होईल. मोटारीच्या बॅटरींत आणि क्ष-किरणांच्या आडोशाला तें खुशाल असावें. अन्नाला व मुलांच्या हातांना मात्र त्याचा स्पर्श नको, आणि ही जबाबदारी, माझ्या मतें, घरच्यांचीच आहे. गृहिणींनीं कथलाची कांडी स्वतः विकत आणून कल्हईवाल्याच्या हातीं द्यावी. शुद्ध कथील वांकवितांना करकरतें. शिसें मुकाट्यानें वांकतें. थोडी भेसळ या परीक्षेंतून निसटते, म्हणून दुकान खात्रीचें पाहावें.