एस्पोझितो : आडनावाचा प्रवास आणि नागरिकत्वाचा वाद

इटलीच्या सरकारने २८ मार्च २०२५ रोजी एक वटहुकूम काढला आणि मे महिन्यात तेथील संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. तोपर्यंतची स्थिती अशी होती की, आपला पणजा किंवा खापरपणजा इटालियन नागरिक होता आणि पुढच्या पिढीचा जन्म होईपर्यंत त्याने ते नागरिकत्व सोडले नव्हते, एवढे कागदोपत्री सिद्ध केले म्हणजे ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेला, इटालियन भाषेचे एक वाक्यही न बोलता येणारा मनुष्य इटलीचा नागरिक ठरे. पिढ्यांची मर्यादा अशी नव्हतीच. नव्या कायद्याने ती घातली. यापुढे परदेशात जन्मलेल्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असलेल्या व्यक्तीला सामान्यतः आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापलीकडे जाता येणार नाही. तेही ते केवळ इटालियन नागरिक असतील तर.

दक्षिण अमेरिकेत या निर्णयाने मोठी खळबळ उडाली. आपल्या आडनावाचा अपमान झाला, अशी भावना तेथे व्यक्त झाली. कायद्याला लागतात ते जन्माचे, विवाहाचे आणि मृत्यूचे दाखले. परंतु हे दाखले शोधण्यास मनुष्य प्रवृत्त होतो तो बहुधा आडनावामुळे. घराच्या दारावर जे नाव आहे तेच नाव दूरच्या एखाद्या गावच्या नोंदवहीत आहे, ही जाणीव विलक्षण असते. म्हणून या वादाकडे एका आडनावाच्या अंगाने पाहणे उद्बोधक ठरेल. ते आडनाव म्हणजे एस्पोझितो. नेपल्स शहरात सर्वांत अधिक आढळणारे आणि साऱ्या इटलीत पहिल्या काही नावांत मोडणारे हे आडनाव आहे. त्याचा मूळ अर्थ 'उघड्यावर ठेवलेला', म्हणजेच टाकून दिलेले मूल, असा आहे.

चाकावरची मुले

नेपल्समध्ये अनुन्त्सियाता नावाची एक जुनी धर्मसंस्था आहे. तिचा उगम चौदाव्या शतकातील. चर्च, इस्पितळ आणि अनाथालय अशी तिची तिहेरी रचना होती. अनाथालयाच्या भिंतीत एक लाकडी फिरते पिंप बसवलेले असे. त्याला लोक 'चाक' म्हणत. बाहेरून मूल त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे आणि निघून जायचे. आत बसलेली बाई मूल उचलून घेई. ठेवणाऱ्याचा चेहरा तिला दिसत नसे आणि तो दिसू नये अशीच ती योजना होती. मग वहीत नोंद होई : मूल किती वाजता आले, अंगावर कोणते कपडे होते, सोबत चिठ्ठी वा पदक होते काय. काही आईबाप पदकाचे दोन तुकडे करून एक मुलाच्या गळ्यात बांधीत आणि दुसरा आपल्याजवळ ठेवीत. कधीकाळी परिस्थिती सुधारली तर ओळख पटावी म्हणून. अशी मुले सगळीच अनौरस नसत. दुष्काळ, कर्ज, घरातील सहावे-सातवे तोंड, अशी कारणेही होतीच. दारिद्र्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला नोंदवह्यांइतके बोलके साधन क्वचितच मिळेल.

या मुलांना नाव देणे भाग होते. नेपल्समध्ये ते एस्पोझितो असे दिले गेले. इटलीत इतरत्रही हाच प्रकार निरनिराळ्या शब्दांनी घडला. मिलानमधील अनाथालयाचे चिन्ह कबुतराचे, म्हणून तेथील मुले कोलोंबो झाली. फ्लॉरेन्समध्ये १४४५ साली सुरू झालेल्या संस्थेचे नाव 'निष्पापांचे रुग्णालय', म्हणून तिकडची मुले इन्नोचेंती. रोमच्या परिसरात प्रोयेत्ती, सिसिलीत त्रोवातो. यांपैकी कोणतेही आडनाव कुळाचे नाही. प्रत्येक आडनाव एका संस्थेच्या दाराचे आहे. आडनाव म्हणजे रक्ताचा पुरावा, या समजुतीला यापेक्षा मोठा छेद कोणता द्यायचा?

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नेपल्सच्या सामान्य जनतेने या मुलांकडे सरसकट तुच्छतेने पाहिले असे नाही. त्यांना 'मादोन्नाची लेकरे' म्हणत आणि अनेक कुटुंबे त्यांना घरी नेऊन वाढवीत. तरीही नावातील कलंक राज्यकर्त्यांना जाणवत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा म्युरा होता. त्याच्या राजवटीत हे आडनाव मुलांना देण्यास बंदी करण्यात आली. नेपल्सचे चाक १८७५ साली बंद झाले. पण आडनाव एकदा लागले की त्याची वंशवेल आपोआप वाढते. आजच्या एस्पोझितोंपैकी बहुतेकांच्या घराण्यात टाकलेल्या मुलाची आठवण कित्येक पिढ्यांपूर्वीच पुसली गेली आहे.

गहू, कॉफी आणि आडनावे

ज्या काळात चाक बंद झाले त्याच काळात इटलीतून माणसांची निर्यात सुरू झाली. 'निर्यात' हा शब्द कठोर वाटेल, पण अर्थशास्त्राच्या भाषेत तो चुकीचा नाही. १८६१ मध्ये देश एक झाला. दक्षिणेकडील शेतकऱ्याच्या पदरात मात्र कर आणि सक्तीची लष्करभरती पडली. १८८० च्या दशकात अमेरिका आणि रशिया यांच्या स्वस्त गव्हाने युरोपातील धान्याचे भाव पाडले. त्यात फ्रान्सशी जकातयुद्ध जुंपले आणि दक्षिणेच्या मद्याची मोठी बाजारपेठ गेली. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख इटालियन देशाबाहेर गेले. एकट्या १९१३ साली जाणाऱ्यांची संख्या ८ लाख ७० हजारांहून अधिक होती. यांतील पुष्कळ जण परतही आले. अर्जेंटिनातील सुगीसाठी जाऊन पुन्हा घरी येणाऱ्या मजुरांना तर तिकडे 'पाकोळ्या' असेच नाव पडले होते.

कोण कोठे गेला हे योगायोगाने ठरत नव्हते. ब्राझीलने १८८८ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि साव पाउलोच्या कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे झाले. प्रवासखर्च देऊन मजूर आणले गेले; त्यात उत्तरेकडील व्हेनेतो प्रांताचे शेतकरी मोठ्या संख्येने होते. मळ्यांवरील हलाखीच्या कहाण्या इतक्या आल्या की १९०२ साली इटालियन सरकारने अशा फुकट तिकिटांच्या भरतीला बंदी घातली. अर्जेंटिनाकडे प्रथम वळले ते जिनोआ आणि पिडमाँटकडचे लोक. दक्षिणेचा लोंढा उशिरा निघाला आणि त्याने मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा रस्ता धरला. म्हणूनच दक्षिण ब्राझीलच्या खेड्यांत व्हेनेतोची आडनावे दिसतात, तर एस्पोझितो न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या पट्ट्यात दाटीने आढळतात. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने इटलीचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणला आणि हा मार्ग जवळजवळ बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवाह बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींकडे, १९५५ च्या करारानंतर पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांकडे, तसेच कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडे वळला. आडनावांचा नकाशा हा असा मजुरीच्या दरांचा आणि बंद होणाऱ्या दरवाजांचा नकाशा आहे.

या प्रवासात नावाचे काय झाले? अमेरिकेच्या एलिस बेटावर अधिकारी मनाला येईल तसे नाव बदलून टाकीत, ही कथा फार लोकप्रिय आहे. पण ती खरी नाही. ते अधिकारी जहाजावर आधीच तयार झालेल्या याद्या तपासून पाहत. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात आणि बहुधा मालकाच्या स्वतःच्या इच्छेने. अर्जेंटिनात एस्पोझितोवर स्पॅनिश पद्धतीचे आघातचिन्ह चढले. तेथे एक गमतीची गुंतागुंतही आहे. स्पेनमध्ये याच अर्थाचे 'एक्सपोसितो' हे आडनाव होतेच, आणि ब्युनोस आयर्समध्ये व्हाइसरॉयने १७७९ साली टाकलेल्या मुलांचे स्वतंत्र गृह स्थापन केले होते. त्या गृहाच्या खर्चासाठी चालविलेला छापखाना शहरातील पहिला छापखाना ठरला. टँगो गीतांचा प्रसिद्ध कवी ओमेरो एक्सपोसितो याचे आडनाव या स्पॅनिश वळणाचे. म्हणजे एकाच शहरात एकाच अर्थाची दोन आडनावे नांदतात; एक इटलीकडचे, दुसरे स्पेनकडचे. दोहोंचा रक्ताशी संबंध सारखाच नाही.

विसाव्या शतकात हे नाव किती दूर पसरले याची काही उदाहरणे पाहावीत. आइस हॉकीचा विख्यात खेळाडू फिल एस्पोझितो १९४२ मध्ये कॅनडातील आँटारिओ प्रांतात जन्मला. इस्लामचे अभ्यासक म्हणून आपल्याकडील विद्यापीठांतही ज्यांची पुस्तके वाचली जातात ते जॉन एस्पोझितो अमेरिकन. अभिनेता जानकार्लो एस्पोझितो याचे वडील नेपल्सचे, आई आफ्रिकन-अमेरिकन आणि जन्म कोपनहेगनचा. आडनाव एक, त्यामागील माणसांचे रूप, भाषा, देश सारेच भिन्न.

कायद्यामागील हिशेब

इटलीने परदेशातील संततीला इतक्या उदारपणे नागरिक का मानले? १९१२ च्या कायद्याने परदेशात जन्मल्यामुळे तेथील नागरिक ठरणाऱ्या मुलालाही इटालियन राहू दिले. यात देशप्रेमाचा भाग होता हे मान्य. परंतु हिशेबही पक्का होता. परदेशस्थ मजूर घरी पैसे पाठवीत आणि त्या पैशांवर देशाच्या परराष्ट्र देण्याघेण्याचा ताळेबंद सावरत होता. ही रक्कम लुबाडली जाऊ नये म्हणून १९०१ साली कायदा करून तिची ने-आण बँक ऑफ नेपल्सकडे सोपविण्यात आली. शिवाय युद्धप्रसंगी सैनिक मिळत. पहिल्या महायुद्धात सुमारे ३ लाख स्थलांतरित लढण्यासाठी परतले. ज्या राज्याची माणसे बाहेर जातात त्याला रक्ताचे नाते सोयीचे असते, आणि ज्या राज्याला माणसे हवी असतात ते भूमीचे नाते सांगते. अर्जेंटिना व अमेरिका यांनी दुसरा पक्ष घेतला, याचेही कारण हेच.

१९९२ च्या कायद्याने तेच तत्त्व पुढे चालविले. मात्र दरम्यान हिशेब उलटा झाला होता. इटली आता माणसे पाठविणारा नव्हे, तर माणसांची गरज असलेला देश बनला. १९६४ साली तेथे दहा लाखांहून अधिक मुले जन्मली होती. २०२४ साली ३ लाख ७० हजार. दुसरीकडे, परदेशात राहणाऱ्या इटालियन नागरिकांची संख्या सरकारी आकड्यांनुसार २०१४ अखेर ४६ लाख होती ती २०२४ अखेर ६४ लाख झाली. या नव्या नागरिकांपैकी अनेकांना इटलीत राहायचे नसते. इटलीचा पासपोर्ट म्हणजे स्पेनमध्ये नोकरी करण्याची आणि व्हिसावाचून अमेरिकेला जाण्याची मुभा. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मोल असलेली वस्तू हक्काने मिळत असेल तर कोण सोडील? परंतु त्यांना मताधिकारही आहे. परदेशस्थांच्या वेगळ्या जागा २००६ च्या निवडणुकीत प्रथम भरल्या गेल्या आणि त्या वर्षी सिनेटमधील प्रोदी यांचे निसटते बहुमत त्या जागांवरच उभे राहिले. तेव्हा मर्यादा घालण्यात सरकारने अन्याय केला, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. ज्याने देश पाहिला नाही त्याने त्या देशाचा कर ठरविणारा प्रतिनिधी निवडावा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती.

गोमंतकातील वाचकांना हे सारे परिचित वाटेल. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता आले. भारताचे नागरिकत्व मात्र त्यामुळे गेले. फर्नांडिस किंवा डिसोझा ही आडनावेही तेथे बाप्तिस्म्याच्या वेळी लागली, पोर्तुगीज रक्तामुळे नव्हे. पोर्तुगालने निदान तसा दावा तरी केला नाही. त्याने आधार मानला तो आपल्या एकेकाळच्या सत्तेखालील जन्माचा.

खरा आक्षेप आहे तो वेगळाच. क्रेमोना आणि मान्तोव्हा या जिल्ह्यांत चीजच्या धंद्यासाठी गाईगुरे सांभाळणारे पुष्कळसे मजूर पंजाबी आहेत. त्यांचे मूल इटलीत जन्मते, इटालियन शाळेत शिकते. पण नागरिकत्व मागण्यासाठी त्याला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तेथे अखंड राहावे लागते, आणि नंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्याच्या बापाला दहा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. अर्जेंटिनाचे अध्यक्ष मिले यांना मात्र डिसेंबर २०२४ मध्ये रोमच्या भेटीदरम्यान पूर्वजांच्या आधारे नागरिकत्व मिळाले, तेव्हा इटलीतील विरोधकांनी याच मुलांची आठवण सरकारला करून दिली. इटलीच्या कायद्यात आणखी एक कलम आहे. देशाच्या भूमीवर सापडलेले, आईबाप अज्ञात असलेले मूल जन्मतः इटालियन मानले जाते. पहिला एस्पोझितो नेपल्सचा झाला तो असाच, भूमीच्या नात्याने; त्याच्या वंशजांनी पुढे सांगितले ते रक्ताचे नाते. क्रेमोनाच्या पंजाबी मुलाची अडचण एवढीच की त्याचे आईबाप ठाऊक आहेत.

वास्तव्याची अट दहावरून पाच वर्षांवर आणावी काय, यावर ८ आणि ९ जून २०२५ रोजी सार्वमत झाले. मतदान जेमतेम तीस टक्के झाले. निम्म्या मतदारांनी मत देणे आवश्यक असल्यामुळे ते बाद ठरले. परराष्ट्रमंत्री तायानी यांच्या पक्षाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक विधेयक मांडले होते. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या : परदेशातील वंशजांना पिढ्यांची मर्यादा घालावी आणि इटलीत दहा वर्षांचे शालेय शिक्षण पुरे करणाऱ्या परकीय मुलांना नागरिकत्व द्यावे. पहिली गोष्ट पुढे काही महिन्यांतच वटहुकुमाने अमलात आली. दुसरीसाठी वटहुकूम निघाला नाही.